देवाघरची चाकरी

देवाच्या घरी पगारी नोकरी करावी काय? पुजाऱ्याने दक्षिणा घेतली तर कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. पण देवस्थानच्या वह्या लिहिणाऱ्याने महिन्याचा पगार मागितला, की आपल्याला तो लोभी वाटू लागतो. आमच्या गोंदियाकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक नाहीतर दंडार होते. त्यासाठी वर्गणी गोळा करणारा फुकट राबतो म्हणून त्याचे कौतुक होते, आणि बहुधा तेवढ्यासाठीच त्याला हिशेब विचारायचा संकोच होतो.

अमेरिकेतल्या मोठ्या सिनेगॉगात रब्बीखेरीज एक पगारी कार्यकारी संचालक असतो. वर्गणी, अंदाजपत्रक, नोकरचाकर, गळके छप्पर, सारे त्याच्या माथी. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांची रीत जुनी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनिवार तेली. यांची मायबोली मराठी. कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याचा कारभार मुकादम आणि चौगुल्यांकडे. ही नावे जेरुसलेमहून आलेली नव्हेत, गावगाड्यातलीच! पद मानाचे, त्यावर पोट भरायचे नाही.

हा बाणा मैमोनिदीसचाही. बाराव्या शतकातल्या या ज्यू पंडिताने धर्मज्ञानावर पोट भरणाऱ्यांची कडक निर्भर्त्सना केली. पण त्याच्या संसाराचा भार उचलत होता त्याचा व्यापारी भाऊ, डेव्हिड. तो आपल्याच हिंदी महासागरात बुडाला, आणि मग पंडितजींना वैद्यकीवर चरितार्थ चालवावा लागला. निःस्पृहतेलाही कोणीतरी जेवू घालावे लागते, ते असे. देवाचे काम बिनपगारीच असावे असा हट्ट धरला, तर ते फक्त खात्यापित्या घरच्यांनाच करता येईल. गरिबाच्या हुशार पोराने दारातूनच नमस्कार करावा!

पुढच्या रब्बींनी तोड काढली: वेतन धर्मकार्याचे नव्हे, त्यापायी दुसरा धंदा बुडतो त्याची ही भरपाई. मला यात थोडी वकिली दिसते. पण त्याहून जुनी एक व्यवस्था मला फार आवडते. दानाचे पैसे दोघांनी मिळून गोळा करायचे आणि तिघांनी वाटायचे. जेरुसलेमच्या मंदिरात खजिन्याच्या खोलीत शिरणाऱ्याच्या झग्याला दुमड नसावी, पायात जोडा नसावा. पुढे तो श्रीमंत झाला, तर खजिन्यातून झाला असे लोकांनी म्हणू नये. तिथे माणूस पगारी की मानाचा, हा प्रश्नच नव्हता.

1948 नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात; कित्येक ठिकाणी तेवढे जमणे कठीण. कलकत्त्याला तर बगदादी ज्यूंच्या सिनेगॉगांची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान माणसे करीत आली. देव त्यांच्या पद्धतीने पुजलेला नव्हे, मालक बहुतेक परदेशी गेलेले. तरी बाके पुसलेली आणि दिवे लखलखीत. त्यांना पगार मिळतो.