लेकराचे गुपित कोणाचे?

रविवारची मिस्सा आटोपल्यावर कात्रपमधील एक माता चर्चच्या अंगणात रेंगाळली. तिची नववीतील मुलगी गेले दोन महिने शाळेतील समुपदेशिकेकडे जात होती. "फादर, बाई मला काही सांगत नाहीत. मी तिची आई आहे ना? तुम्ही विचारून पाहा, तुम्हांला त्या नाही म्हणणार नाहीत." तिच्या स्वरात राग नव्हता, भय होते. पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठायची आणि रात्री उशिरा परतायचे, हा आपल्या बदलापूर-अंबरनाथ परिसरातील कितीतरी आईबापांचा दिनक्रम आहे. लेकरू घरातच वाढते, पण डोळ्यांआड वाढते.

मी विचारण्यास नकार दिला. त्या नकारामागे माझीच एक जुनी चूक आहे. मी नवखा धर्मगुरू असताना बारावीचा एक मुलगा माझ्याकडे आला. विज्ञान शाखा त्याला झेपत नव्हती आणि घरी सांगण्याचा धीर होत नव्हता. तो पापनिवेदनासाठी आला नव्हता, मन मोकळे करण्यासाठी आला होता. मी सद्हेतूने ती गोष्ट त्याच्या वडिलांच्या कानांवर घातली. घरी त्याला बोलणी बसली, ती पुढे विसरलीही गेली असतील. परंतु त्यानंतर तो मुलगा माझ्याशीच काय, कोणाशीही मनातले बोलेनासा झाला. ते शल्य मला आजही आहे.

मग लेकराचे गुपित नेमके कोणाचे? आईबापांचा हक्क क्षुल्लक नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे २३वे कलम रुग्णाला गुप्ततेचा हक्क देते. तथापि अठरा वर्षांखालील मुलाचा पालक हाच कायद्याने त्याचा प्रतिनिधी असतो, आणि आपले कर्तव्य पार पाडण्यासाठी लागणारी माहिती त्याला मिळू शकते. येथे 'कर्तव्यासाठी लागणारी' हे शब्द मोलाचे आहेत. मुलगी झोपत नाही, जेवत नाही, तिला डॉक्टरांकडे न्यायला हवे, हे आईला कळलेच पाहिजे. मुलीने रडत रडत कोणते वाक्य उच्चारले, हे कळण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. हा हक्क व्यक्तीला व्यक्ती म्हणून मिळतो, आणि लेकरू ही व्यक्तीच आहे.

तर मग समुपदेशकाने सदैव मौन पाळावे काय? याचे उत्तर आपल्या बदलापूरने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले आणि कित्येक तास लोकल बंद राहिल्या. माहिती मिळूनही पोलिसांना कळवले नाही, या आरोपावरून शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पोक्सो कायदा, २०१२ याच्या १९व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा ठाऊक असणाऱ्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शिक्षक असो, समुपदेशक असो वा धर्मगुरू, 'मला विश्वासाने सांगितले होते' ही सबब तेथे चालत नाही.

पण त्याच दिवसांत दुसरा एक प्रश्न माझ्या कानांवर येत होता: "कोणाच्या मुली हो त्या?" विचारणाऱ्यांच्या मनात कणवही असेल. तथापि त्याच पोक्सो कायद्याचे २३वे कलम मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. एकाच घटनेत एक मौन मोडायला हवे होते आणि दुसरे पाळायला हवे होते. मला वाटते, सारा विवेक या दोहोंतील भेद ओळखण्यात आहे. एक मौन लेकराला जपते, दुसरे संस्थेच्या नावलौकिकाला जपते. आपण गप्प राहतो तेव्हा कोणाचे रक्षण होते, हे स्वतःला विचारावे. उत्तर 'लेकराचे' असे नसेल, तर ते मौन पाप आहे.

येथे आपल्या धर्मग्रामातील एक गैरसमजही दूर करायला हवा. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ९८३व्या कलमानुसार पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे, कोणत्याही कारणास्तव ती मोडता येत नाही. फादरांच्या खोलीत बसून केलेल्या साध्या बोलण्याला मात्र ती मुद्रा लागत नाही. तेथे विश्वासाचे बंधन मोठे असले तरी त्याला मर्यादा आहे. जीव धोक्यात असेल किंवा अत्याचार घडत असेल, तर बोलावेच लागते. लेकराला हा फरक आधी सांगितला नाही, तर आपण त्याला फसवले असे होईल.

म्हणून खरा समुपदेशक पहिल्याच भेटीत सांगतो की, "तुझे बोलणे माझ्यापाशी राहील, परंतु अमुक गोष्टी मला दडवता येणार नाहीत." हे ऐकून एखादे लेकरू कदाचित बोलता बोलता थांबेल. ती जोखीम खोट्या वचनापेक्षा बरी. सांगण्याची वेळ आलीच, तर तो प्रथम लेकराला कल्पना देतो, मग ज्याला कळणे आवश्यक आहे त्यालाच आणि आवश्यक तेवढेच सांगतो. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर त्याची चर्चा होत नाही आणि त्याची वही टेबलावर उघडी पडत नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. नेमणूक आदेशाने होईल, विश्वास आदेशाने येणार नाही.

त्या मातेला मी एवढेच म्हणालो, "बाईंना एकच प्रश्न विचारा: माझ्या मुलीच्या जिवाला काही धोका आहे का? त्याचे उत्तर देणे त्यांचे कर्तव्य आहे. बाकीचे मुलीवर सोडा. रात्री घरी पोहोचलात की थोडा वेळ तिच्याजवळ नुसत्या बसा, काही विचारू नका."

तिला ते फारसे पटले नसावे. पण पुढच्या रविवारी दोघी माय-लेकी एकाच बाकावर बसल्या होत्या. मुलगी आईच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती. काय ते मी विचारले नाही.