गाठ कुणाची?

कार्ले खिंडीच्या अलीकडे, अलिबागच्या रस्त्याला, दोन जावा पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगून बसत. थोरलीकडे बी. दरवर्षी निवडक कांदे राखून, पुन्हा लावून, गोंडे वाळवून ती ते धरायची. धाकटीच्या बोटांत वेणी. पात किती सुकली की वळायची, कुठे आवळायची, हे तिला न बघता कळायचं. भात निघालं की त्याच ओलीवर दोघींचे वाफे, आणि काढणीनंतर एकाच पडवीत माळा.

एका वर्षी धाकटीची दुहेरी गाठ थोरलीच्या माळांवर दिसली. गिऱ्हाइकं तिकडे वळली.

"वहिनी, गाठ माझी आहे."

"पातीला गाठ मारायला तुझी परवानगी काढू?"

पडवीत कूड उभा राहिला. थोरलीचंच चुकलं, असं मला वाटतं. दुसरीच्या बोटांतलं कसब उचललं, तर निदान तिचं नाव घ्यायला हवं होतं.

थोरलीचा मुलगा अलिबागेत मोबाइलच्या दुकानात काम करायचा. एका रात्री तो आईला म्हणाला, "फोनच्या गोल कोपऱ्यांवरूनही असंच झालं होतं. अ‍ॅपलने 2011 च्या एप्रिलमध्ये सॅमसंगला कोर्टात खेचलं. आमचा आकार चोरला, पडद्यावरची चित्रांची मांडणी चोरली म्हणून. 2012 मध्ये ज्युरीने सॅमसंगला 100 कोटी डॉलरांहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. मग अपिलं. 2016 मध्ये खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात, तिथून पुन्हा खाली. शेवटी 2018 च्या जूनमध्ये तडजोड. सात वर्षं, आई! आणि त्यातली कितीतरी वर्षं आयफोनच्या चिपा सॅमसंगच्याच कारखान्यात बनत होत्या. 2017 च्या आयफोन टेनचा पडदासुद्धा सॅमसंगचाच. तोवर आपल्याकडे शाओमीच पुढे निघून गेली."

थोरली काही बोलली नाही.

पुढच्या हंगामात धाकटीने बाजारातून बी आणलं. कांदा गुलाबी छटेचा निघाला आणि तिखट. गोडीसाठी खास थांबणारी गिऱ्हाइकं एक फोड चाखून पुढे गेली. थोरलीचा कांदा चांगला होता, पण पात वाळली तशा तिच्या गाठी सुटल्या आणि कांदे रस्त्यावर घरंगळले. नक्कल तिला दिसण्यापुरतीच जमली होती. त्याच आठवड्यात खिंडीखाली एक टेम्पो उभा राहिला. दुसऱ्या जिल्ह्यातला पांढरा कांदा, वर पाटी 'अलिबागचा'. रांग तिथे लागली.

मुलगा अर्ज घेऊन आला. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला आता भौगोलिक मानांकन आहे. 1883 च्या गॅझेटियरमध्येही या कांद्याची नोंद सापडते. पेटंटला मालक असतो. हे मानांकन कुणा एकीच्या नावावर नाही. इथे हा कांदा पिकवणारा शेतकरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवू शकतो, पण कांदा तोच हवा.

त्या संध्याकाळी धाकटी कुडाशी येऊन उभी राहिली. "वहिनी, बी आहे?"

थोरलीने मडकं उतरवलं. ते हाती देण्याआधी सुटलेली माळ तिच्यापुढे धरली.

"आधी ही कुठे आवळायची ते दाखव. कुणी विचारलं, तर गाठ कुणाची ते मी सांगेन."