मोबाईलमधील एकांत आणि निकाहची अमानत



निकाहच्या मजलिसमध्ये साक्षीदारांसमोर उच्चारलेला ‘कबूल’ हा शब्द क्षणाचा असतो. त्याचे उत्तरदायित्व मात्र आयुष्यभराचे असते. पवित्र कुरआनने या बंधनास दृढ करार म्हटले आहे (सूरह अन्-निसा : 21) आणि पती-पत्नीला परस्परांच्या पोशाखाची उपमा दिली आहे (सूरह अल-बकरा : 187). पोशाख झाकतो, ऊब देतो आणि देहाला सर्वांत निकट असतो.

आज हा करार घराचा उंबरठा न ओलांडताही मोडू लागला आहे. कोकणातील कित्येक तरुण निकाहनंतर थोड्याच दिवसांत आखाती देशांत नोकरीवर परततात. मग मोबाईल हाच त्या दाम्पत्यामधील दुवा ठरतो. त्याच मोबाईलवर, इकडे किंवा तिकडे, एखादी जुनी ओळख रात्री खुशाली विचारते. प्रारंभ विचारपुशीने होतो. पुढे घरातील गाऱ्हाणी तेथे सांगितली जातात आणि शेवटी संदेश पुसले जाऊ लागतात. “आम्ही भेटलोदेखील नाही, मग गुन्हा कसला?” अशी मन स्वतःची समजूत घालते. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार जी गोष्ट अंतःकरणाला टोचते आणि लोकांना कळू नये असे वाटते, तेच पाप होय (मुस्लिम). संदेश पुसणाऱ्या बोटाने ही साक्ष आधीच दिलेली असते.

अल्लाहने केवळ व्यभिचारच नव्हे, तर त्याच्या जवळ जाणेही निषिद्ध केले आहे (सूरह बनी इस्राईल : 32). परस्त्री आणि परपुरुष एकांतात असतात तेव्हा तिसरा शैतान असतो, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे (तिर्मिजी). अल्लाह मात्र प्रत्येक कुजबुज ऐकतो (सूरह अल-मुजादला : 7) आणि डोळ्यांची खियानतही जाणतो (सूरह अल-मोमिन : 19). पासवर्ड माणसांपासून लपवतो, अल्लाहपासून नव्हे.

येथे दुसऱ्या बाजूनेही सावध असावे. निव्वळ संशयावरून जोडीदाराचा मोबाईल चोरून तपासणे हा उपाय नव्हे. अति संशय आणि हेरगिरी या दोहोंना कुरआनने मनाई केली आहे (सूरह अल-हुजुरात : 12). मनात शंका असेल तर समोर बसून, सौम्य शब्दांत विचारा. वाद मिटत नसेल तर दोन्ही घरांतून एकेक समंजस मध्यस्थ नेमा (सूरह अन्-निसा : 35). वडीलधाऱ्यांनी चर्चेत दोष उगाळू नये, मने जुळवावीत.

ज्याचे पाऊल घसरले असेल त्याने निराश होऊ नये. तो संवाद आजच तोडावा, पश्चात्ताप करावा, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा आणि दुखावलेल्या जोडीदाराचा विश्वास आचरणाने परत मिळवावा. जी गाऱ्हाणी परक्याला सांगितली, ती प्रथम आपल्या माणसाला सांगावीत. आज रात्री दूरदेशीच्या जोडीदाराला स्वतःहून सलाम करा. मोडू पाहणारी कित्येक घरे एवढ्या प्रारंभानेही सावरू शकतात.

अल्लाह आपल्या नजरा आणि आपली घरे सुरक्षित ठेवो. आमीन.