निसर्ग हवा, गर्दी नको

निसर्गावर मनापासून प्रेम करायचे असेल तर माणसाने मुंबईत राहावे, निदान डोंबिवलीत तरी. तारकर्लीत जन्म काढणाऱ्याला ते जमत नाही. आमच्या मावशीचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पण सूर्यास्त 'बघायला' म्हणून ती कधी बाहेर पडलेली नाही. ती वेळ तुळशीत दिवा लावायची. मी एकदा फारच आग्रह केला, तर म्हणाली, "सूर्य बुडता ता काय बघूचा? फाल्या परत येतलो मा?"

यात मावशीचा दोष नाही. निसर्गप्रेम ही मुळात गिरण्यांची पैदास आहे. इंग्लंडात आधी मँचेस्टरचा धूर निघाला आणि मग लोकांना डोंगर नि सरोवरे सुंदर दिसू लागली. वर्डस्वर्थसारख्या कवीने तर सरोवरांच्या प्रदेशावर चक्क प्रवाशांसाठी मार्गदर्शिका लिहिली. पुढे 1844 साली तिथे रेल्वे येऊ घातली, तेव्हा हाच गृहस्थ वर्तमानपत्रात विरोधाची पत्रे धाडू लागला. म्हणे, कामगारांना गाड्या भरभरून आणून काय उपयोग, सृष्टिसौंदर्याला नजर तयार व्हावी लागते! तीन वर्षांत रेल्वे आलीच. आम्ही चाकरमानी याच कुळातले. कोकण रेल्वेसाठी घसे कोरडे केले, 1998 साली ती पुरी झाली, आणि आता कुडाळला उतरलो की पहिले वाक्य : "छे, पूर्वीचं मालवण राहिलं नाही हो!"

वर्डस्वर्थच्या आधीच्या पिढीत गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक पाद्री होऊन गेला. त्याने निसर्ग शोधायला कुठे बॅग भरली नाही. सेलबोर्न या आपल्या खेड्यात पक्षी कधी येतात, कधी जातात हे तो टिपत बसे. आत्याकडून वारशात आलेले कासव वजनकाट्यावर ठेवून बघे. (आम्हाला आत्याकडून पितळी घंगाळ आले.) 1789 साली त्याचे पुस्तक निघाले नि जगभर गेले. मावशी याच पंथातली. पाण्याचा रंग बघून आज बाजारात काय मासळी येणार ते सांगते. फक्त ती लिहीत नाही. त्यामुळे तिचे शास्त्र तिच्याबरोबर जाणार, आणि मालवणच्या समुद्राचे काय करायचे हे पुस्तकवाले ठरवणार.

तसे ठरलेही. 1987 साली तिथे 29 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. प्रवाळ वाचणार म्हणून आम्ही मुंबईत खूष. मच्छीमार मात्र विरोधात. एकाने मला सरळ विचारले, "तुमी येवच्या आधी ह्यो दर्या कोण सांभाळी होतो?"

प्रश्न बिनतोड होता. पण त्याच्या छोट्या होडीशेजारून तळ खरवडत जाणारा ट्रॉलरही मुंबईकरांचाच नव्हता. आणि पर्यटकांना प्रवाळ दाखवायला नेणारी बोट त्या प्रवाळावरच नांगर टाकते, तेव्हा ती नेमकी कुणाच्या बाजूची? बोटवाला म्हणतो, गिऱ्हाईक म्हणेल तिथे थांबायचे. गिऱ्हाईक फोटो काढण्यात गुंतलेले असते.