सेकंदातल्या पाच जादा फ्रेम

नव्वदच्या दशकात नाशिकच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट अमेरिकेतल्या आत्याकडे पोचायची, पण तिच्या व्हीसीआरवर नीट दिसायची नाही. चित्र वरखाली पळायचं, रंग गायब व्हायचे. कॅसेट मात्र चांगली असायची. भारतात पॅल पद्धत होती : ६२५ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेत एनटीएससी : ५२५ ओळी, जवळपास ३० फ्रेम. फरकाचं मूळ विजेत होतं. आपल्याकडे ५० हर्ट्झ, तिकडे ६०, आणि सुरुवातीचे टीव्ही त्या वेगाशी जुळवून घडवलेले.

म्हणून कॅसेट कन्व्हर्ट करायची. म्हणजे ओळी कमी करायच्या आणि, सोपं करून सांगायचं तर, दर सेकंदाला पाच जादा फ्रेम आणायच्या. कुठून? कॅमेऱ्याने तर त्या टिपलेल्याच नाहीत. एखादी फ्रेम दोनदा दाखवली की हालचाल अडखळते. शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळल्या की अंतरपाट ओढणारा हात दुहेरी, धूसर दिसतो. तिसरा मार्ग हिशोबाचा : हात आधी इथे होता, नंतर तिथे, तर मध्ये कुठे असेल? ती जागा काढून नवी फ्रेम रचायची.

म्हणजे आत्याने जे पाहिलं त्यातलं काही कुणीच चित्रित केलं नव्हतं. मग ते खोटं होतं का?

मला तसं वाटत नाही. त्या रचलेल्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंना खऱ्या फ्रेम साक्षीला उभ्या असतात, आणि त्यांच्यातलं अंतर असतं सेकंदाचा पंचविसावा भाग. अंदाजाला भटकायला जागाच नसते. शिवाय कॅसेट पाठवली होती ती आत्याने लग्न पाहावं म्हणून. मूळ कॅसेट जशीच्या तशी पाठवली असती, तर प्रामाणिकपणा राहिला असता आणि लग्न मात्र पोचलंच नसतं.

आज त्याच कॅसेटी आपण डिजिटल करतो आणि एआयला सांगतो, 'क्लिअर कर.' मांडवाच्या कोपऱ्यात बसलेल्या आजीचा चेहरा मूळ चित्रात जेमतेम काही ठिपक्यांचा. यंत्र त्याला डोळे, दात, सुरकुत्या देतं. पण हे तपशील शेजारच्या फ्रेममधून येतीलच असं नाही. बऱ्याचदा ते येतात यंत्र ज्यांच्यावर शिकलं त्या हजारो अनोळखी चेहऱ्यांतून. इथे साक्षीदार बदलला.

'घरच्यांना आनंद होतोय, मग बिघडलं कुठे?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांनी आजीला पाहिलंय ते म्हणू शकतात, 'छे, आजी अशी नव्हती.' पण उद्याच्या पणतीला ते म्हणता येणार नाही. तिच्यासाठी तोच आजीचा चेहरा.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही. उद्या कुणी हरवलेला भाग एआयकडून बनवून घेतला, तर त्याला आपण फाळक्यांचं काम म्हणणार नाही. घरच्या कॅसेटलाही तेवढाच मान द्यायला हवा.

घाईही आहे. टेपवरची चुंबकीय नोंद दरवर्षी विरत जाते आणि नवे व्हीसीआर आता बनत नाहीत. आज आपण जे ठेवू तेच उरेल. म्हणून दोन फाइली ठेवा. एक धूसर, मूळ. दुसरी हवी तेवढी सुंदर, पण तिच्या नावातच लिहा : चेहरे यंत्राने भरले आहेत. पणतीला कधी शंका आली, तर तिला पडताळून पाहायला काहीतरी हवं.