शिकवणी बंद, शर्यत चालू

२४ जुलै २०२१ रोजी चिनी कम्युनिस्ट पक्षाची केंद्रीय समिती आणि राज्य परिषद यांच्या कार्यालयांनी मिळून एक आदेश काढला आणि अब्जावधींची उलाढाल असलेला खासगी क्लासचा धंदा बघता बघता कोसळला. पहिली ते नववीच्या मुलांना शालेय विषय शिकवून नफा कमवायचा नाही, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत ते शिकवायचे नाहीत, शेअर बाजारातून भांडवल उभारायचे नाही. गृहपाठ आणि क्लास ही दोन्ही ओझी उतरवायची म्हणून धोरणाचे नाव ‘दुहेरी कपात’. १९९३मध्ये यू मिनहोंग यांनी स्थापन केलेल्या ‘न्यू ओरिएंटल’ने ६० हजार कर्मचारी कमी केले आणि रिकाम्या वर्गांतली बाके खेड्यांतल्या शाळांना देऊन टाकली. पुढच्या वर्षी याच कंपनीचे इंग्रजीचे शिक्षक इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणात तांदूळ आणि मका विकताना दिसू लागले.

या आदेशामागचे दुखणे खरे होते. तुमचे मूल आमच्याकडे आले नाही तर त्याचा प्रतिस्पर्धी येईल, अशी भीती घालून क्लासच्या जाहिराती चालत. ज्याच्याकडे पैसा त्याचे मूल पुढे, हे उघड दिसत होते. मूल वाढवण्याच्या खर्चाला घाबरून तरुण जोडपी दुसऱ्या मुलाचा विचार सोडून देत होती आणि सरकारने तर त्याच वर्षी मे महिन्यात तिसऱ्या मुलालाही परवानगी दिली होती. तेव्हा हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो क्लासची गरज कुठून निर्माण होते हा.

ती परीक्षेतून निर्माण होते. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली ‘गाओखाओ’ ही विद्यापीठ प्रवेश परीक्षा १९७७मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख मुले बसली आणि शंभरातल्या पाचांनाही जागा मिळाली नाही. २०२४मध्ये १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवले. आज जागा भरपूर वाढल्या आहेत, पण नावाजलेल्या विद्यापीठांच्या जागा मोजक्याच. त्याआधी नववीनंतर ‘झोंगखाओ’ ही परीक्षा असते. पंधरा वर्षांच्या मुलाची वाट तिथे ठरते. सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळा आणि व्यावसायिक शाळा यांत मुलांची साधारण निम्मी-निम्मी विभागणी व्हावी, असेच सरकारचे धोरण वर्षानुवर्षे राहिले. व्यावसायिक शाळेला समाजात मान नाही, पुढे पगारही बेताचा. मग कुठला बाप मुलाला दैवावर सोडून देईल?

दैवाचे फासेही सर्वांना सारखे पडत नाहीत. चांगल्या शाळेच्या हद्दीत घर असेल तरच प्रवेश, म्हणून बीजिंगच्या काही भागांत जुन्या, अंधाऱ्या खोल्यांना चौरस मीटरमागे लाख युआनहून अधिक भाव मिळाला. २०२०मध्ये पंतप्रधान ली केकियांग यांनीच सांगितले होते, की देशातल्या ६० कोटी लोकांचे मासिक उत्पन्न जेमतेम हजार युआन आहे. त्यातच ‘हुकोऊ’ ही कुटुंबनोंदणी आहे. बीजिंगमध्ये इमारती बांधणाऱ्या मजुराचे मूल तिथे वाढले, तरी विद्यापीठाच्या परीक्षेसाठी बहुतेकदा त्याला नोंदणीच्या प्रांतात परतावे लागते. म्हणून कित्येक आईबाप मुलांना आजी-आजोबांपाशी गावी ठेवूनच शहर गाठतात.

यातले काहीही न बदलता क्लास तेवढे बंद झाले. त्यात पहिले गेले ते मोठ्या वर्गांचे आणि ऑनलाइन क्लास. एका शिक्षकाचा खर्च शेकडो मुलांत विभागला जाई, म्हणून लहान गावातल्या कारकुनाला किंवा दुकानदाराला ते परवडत. उरली ती घरी येऊन, दार लावून दिलेली शिकवणी, आणि पकडले जाण्याचा धोका शिक्षकाने आपल्या फीमध्ये धरला. घरीच राहणारे शिक्षक नेमले जाऊ लागले, चार पालक वर्गणी काढून एक शिक्षक ठेवू लागले. शिक्षण मंत्रालयाला या पळवाटांची नावे घेऊन त्यांवर कारवाईचे आदेश काढावे लागले. श्रीमंताची शिकवणी महागली, मध्यमवर्गीयाची हातची गेली.

दक्षिण कोरियाने हा धडा आधीच गिरवला होता. १९८०मध्ये चुन दू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. बंदी हळूहळू सैल होत गेली आणि २०००मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. परीक्षेची शर्यत तशीच राहिली आणि शिकवण्याही परतल्या.

शिकवणीच्या या वादात सर्वांत तळाचे मूल कुणाच्या नजरेतच येत नाही. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ स्कॉट रोझेल आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे ग्रामीण शाळांत काम केले. त्यांना तिथे रक्तक्षय असलेली, पोटात जंत असलेली, फळा नीट न दिसणारी मुले आढळली. शान्शी आणि गान्सू प्रांतांत अशा मुलांना मोफत चष्मे दिले, तेव्हा त्यांचे गणिताचे गुण वाढले. या मुलांनी बीजिंगच्या क्लासची पायरीही कधी चढली नव्हती. क्लास बंद झाल्याने त्यांच्या पदरात काय पडणार होते?

‘दुहेरी कपाती’त एक गोष्ट मात्र मोलाची होती. शाळा सुटल्यावर शाळेतच, आठवड्याचे पाचही दिवस, रोज किमान दोन तास मुलांना सांभाळण्याची आणि अभ्यासात मदत करण्याची सोय. जिथे ती नीट चालते तिथे गरीब घरातल्या मुलाला फी न मोजता किंवा थोडक्या पैशांत शिक्षक मिळतो. समतेची वाट इथून जाते. चांगले शिक्षक खेड्यांकडे वळवावेत, नावाजलेल्या उच्च माध्यमिक शाळांच्या जागा साध्या शाळांनाही वाटून द्याव्यात, हुकोऊची अट काढावी आणि व्यावसायिक शिक्षण घेतलेल्या तरुणाला मानाने जगता येईल एवढा पगार द्यावा. ही कामे संथ आहेत, आदेशाने एका दिवसात होणारी नाहीत. पण पंधराव्या वर्षी मागे पडलेल्या मुलालाही चांगले आयुष्य मिळते असा भरवसा जोवर पालकांना वाटत नाही, तोवर ते शिकवणी विकत घेतच राहतील, आणि जितकी ती चोरटी होईल तितकी ती फक्त श्रीमंतांची होईल.