तुम्हालाच अडचण होईल

पुण्यात जागा शोधणाऱ्या माणसाची भाषा चार दिवसांत बदलते. ‘कॉट बेसिस’, ‘डिपॉझिट’, ‘अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट’ हे शब्द तोंडात बसतात. आमच्यासारख्यांना आणखी एक सवय लागते. नाव सांगण्याआधी आवंढा गिळायची.

आम्ही दोघे होतो. एक बार्शीचा, एक चिपळूणचा. शिक्षणासाठी आलो आणि सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत पायपीट केली. सुरुवात नेहमी चांगली होई. आमचे मराठी ऐकून घरमालक खूश होत, गाव विचारीत, बार्शीच्या भगवंताच्या मंदिराची चौकशी करीत. मग नाव. मग ‘जागा तशी कालच गेली हो.’ एका काकूंनी तर आत बसवून पाणी दिले आणि अगदी मायेने म्हणाल्या, ‘बाळांनो, आमचं काही नाही. पण घरात सोवळं आहे, कांदासुद्धा चालत नाही. तुम्हालाच अडचण होईल.’ जिना उतरताना आम्हाला राग आला तो खोटे बोलणाऱ्यांचा. काकूंचा आला नाही. यायला हवा होता का, हे ठरवायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

शेवटी भवानी पेठेत एक खोली मिळाली. दहा बाय बारा, कोपऱ्यात मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला, पाणी पहाटे साडेपाचला. भाडे दोघांना झेपेना, म्हणून तिसरा पार्टनर शोधू लागलो. म्हणजे काल जे दाराबाहेर उभे होते, ते आज दाराच्या आत उभे राहिले.

पहिला आला तो अंबाजोगाईकडचा, वारकरी घरातला. गळ्यात तुळशीची माळ. त्याने नळाची वेळ विचारली, लाइट बिल कसे वाटायचे ते विचारले. आम्ही माळेकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले. आणि आमच्यातला एकजण म्हणाला, ‘रविवारी आमच्याकडे मटण शिजतं. तुम्हालाच अडचण होईल.’ तो क्षणभर थांबला, ‘बरं’ म्हणाला, चपला घालून गेला. रात्री कणीक मळताना ते वाक्य आम्हाला ओळखीचे वाटले. कुठे ऐकले ते दोघांनाही आठवले, पण दोघेही बोललो नाही.

या वाक्याचा विचार करावा तेवढा थोडा आहे. त्यात शिवी नाही, द्वेष नाही, उलट समोरच्याची काळजी आहे. पण ते वाक्य समोरच्याची एक गोष्ट हिसकावून घेते. आपल्याला कशाची अडचण होते आणि कशाची नाही, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला असतो. आम्ही तो प्रश्न त्याला विचारलाच नाही. त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकले, आणि ते उत्तर त्याच्याकडून नव्हे, त्याच्या माळेकडून घेतले.

कुणी म्हणेल, यात एवढे काय? घर म्हणजे काही दुकान नव्हे. ज्याच्या उशाशी झोपायचे, ज्याच्या आंघोळीची वाट पाहायची, तो माणूस निवडण्याची मोकळीक नको का? हवीच. कायदाही ती देतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या उपकलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या खोलीचा नाही. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा सोसायटीचा नियम वैध ठरवला. अमेरिकेत घरांच्या बाबतीत भेदभावाविरुद्ध कडक कायदा आहे. तिथेही एका अपील न्यायालयाने २०१२ साली सांगितले की एकाच घरात सोबत राहणारा निवडताना तो कायदा लागू होत नाही, कारण उंबऱ्याच्या आतले आयुष्य खासगी आहे. आम्हाला सोसायटीचा निकाल खुपतो, खोलीचा पटतो. अख्खी इमारत म्हणजे कुणाची उशी नव्हे.

पण कायदा उंबऱ्याशी थांबला म्हणजे आत सगळे माफ झाले, असे नाही. उलट जिथे कोर्ट पाहत नाही तिथेच माणसाला स्वतःकडे पाहावे लागते. कुरआनच्या सूरह निसामध्ये ३६ व्या आयतीत चांगल्या वागणुकीचे हक्कदार सांगताना नात्यातला शेजारी, परका शेजारी आणि बाजूला असलेला सोबती असे तिघे वेगवेगळे येतात. भाष्यकारांनी या तिसऱ्यात प्रवासातला सोबतीही धरला आहे. एका खोलीत अकरा महिने राहणारा पार्टनर प्रवासातल्या सोबत्याहून निराळा कसा?

आणि बोट फक्त पेठांकडे दाखवून आपली सुटका नाही. कोंढव्यात, कॅम्पात आपले लोक घर भाड्याने देतात तेव्हा काय विचारतात? ‘कुठले? कोणत्या जमातीचे? बॅचलर नको.’ एकटी नोकरी करणारी मुलगी असेल तर मोहल्ल्याची चर्चा आधी आणि चावी नंतर, तीही मिळाली तर. मोबाइलवरच्या जाहिरातीत ‘फक्त शाकाहारी’ वाचून आपण संतापतो, कारण ते जेवणाबद्दल नसून आडनावाबद्दल आहे हे आपल्याला कळते. ‘आपल्यातलाच हवा’ हेही आडनावाबद्दलच असते. ते आपल्याला मायेचे वाटते, एवढाच फरक.

पुणेकर मुसलमानाला या प्रश्नावर एक मोठी नोंद हाताशी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढच्याच वर्षी वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना घर सोडायला सांगितले. त्यांना गंज पेठेत उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली, असे चरित्रांतून येते. उस्मानभाईंची बहीण फातिमाबी सावित्रीबाईंची सहकारी झाली. २०२५ च्या जानेवारीत फातिमाबी झाल्याच नाहीत असा एक दावा गाजला, तेव्हा लोकांना सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून लिहिलेल्या पत्राकडे पुन्हा बोट दाखवावे लागले. त्या पत्रात आजारी सावित्रीबाईंना आपल्या माघारी फातिमावर कामाचा भार पडत असेल, याची काळजी आहे.

आपल्या सभांमधून या घराचा उल्लेख ऐक्याचे प्रतीक म्हणून होतो. ठीकच आहे. पण आमचे लक्ष दुसरीकडे जाते. चरित्रे त्या घराच्या छपराबद्दल बोलतात, चुलीबद्दल बोलत नाहीत. माळी घरातले जोडपे आणि मुसलमान कुटुंब, काळ पेशवाई बुडून तीसेक वर्षांचा. पाण्याचा हंडा कुठे ठेवायचा, हे कुणीतरी कुणाला विचारले असेलच. प्रतीके एकत्र राहत नाहीत, माणसे राहतात. आणि माणसांना हंडा, चूल, दिवा यांचे रोज काहीतरी ठरवावे लागते. पत्रातली ती कामाच्या भाराची काळजी आम्हाला म्हणूनच कुठल्याही घोषणेपेक्षा खरी वाटते.

आमच्या खोलीत पुढे तिसरा आला तो ‘आपल्यातला’. नमाजी, ओळखीतून आलेला. त्याला आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. आपलाच माणूस, त्याला काय विचारायचे! वर्षभर आम्ही भांडलो. मटणावरून नव्हे, दिव्यावरून. त्याला रात्री दोनपर्यंत वाचायचे असे आणि बार्शीकराला साडेपाचला पाणी भरायचे असे. मग बादलीवरून, ओल्या टॉवेलवरून, कुणाच्या पाहुण्याने किती दिवस राहावे यावरून. जाताना तो दोन महिन्यांचे लाइट बिल ठेवून गेला. तो वाईट नव्हता. बिल विचारायला आम्हालाच संकोच वाटला.

त्यानंतर काही महिन्यांनी अंबाजोगाईचा तो मुलगा बाजीराव रोडजवळच्या एका मेसमध्ये भेटला. त्याने ओळखले. आम्ही ताटात पाहत काहीतरी पुटपुटलो. तो हसला. म्हणाला, ‘माझा थोरला भाऊ खातो की. अंगणात चूल मांडून शिजवतो, मी शेजारी बसून गप्पा मारतो. तुम्ही विचारलंच नाही.’

त्याच्या नाना पेठेतल्या खोलीत तेव्हा एक कॉट रिकामी होती आणि चिपळूणकराला परीक्षेपर्यंत जागा हवी होती. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘रात्री दिवा कधी मालवता?’

‘साडेबारा.’

‘अकरा जमेल?’

बरीच घासाघीस झाली. साडेअकरावर ठरले.